चंद्रोदय, प्रशांत महासागरमार्गे

धरणातून सोडलेलं पाणी कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या शेतात, किती वेळात पोचेल हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. कालव्याची लांबी भागिले पाण्याचा वेग, एवढं साधं गणित. माझं गणित कधी चुकलं नाही. पाणी मात्र कधी वेळेवर पोचलं नाही, पण तो पाण्याचा दोष. वाटेत कोणी मोटार टाकतं, कुठे खेकडे भराव पोखरतात, त्याला पाटबंधारे खात्याचा उपअभियंता काय करणार? हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या सांगलीच्या कॉलनीत हल्ली माझ्या गणिताबद्दल जे बोललं जातं, ते ऐकून तुमचाही गैरसमज व्हायचा.

माझी बायको पद्मा वाईची. वाईच्या माणसांचे गणपतीशी घरगुती संबंध असतात. आपण नमस्कार करतो, ती बोलणी करतात. आमची मुलगी भार्गवी कॅलिफोर्नियात असते. तिला दिवस गेले आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं, तेव्हा पद्मानं मला न विचारता परस्पर बोलणी उरकली. सगळं नीट होऊ दे, नातवंड माझ्या हातात येईपर्यंत दर संकष्टीला उपास करीन. सगळं नीट झालं. अबोली जन्मली. पण नातवंड जन्मणं आणि ते हातात येणं यांच्यामध्ये व्हिसा नावाचं प्रकरण असतं, हे नवस बोलताना तिच्या लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीला काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, "कशासाठी जायचंय?" मी तयार करून ठेवलेलं उत्तर देणार, तेवढ्यात पद्मा म्हणाली, "उपास सोडायला." त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी कागदपत्रं मागितली. त्यात पावसाळा आणि हिवाळा गेला. अबोलीला दात यायला लागले. आम्ही ते फोनच्या पडद्यावर बघितले.

आता पद्माचा उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं आणि वर राजगिऱ्याचा लाडू असला माझ्या एकादशीसारखा उपास नव्हे. दिवसभर फक्त दूध. रात्री चंद्र उगवला की त्याला अर्घ्य द्यायचं, मोदकाचा नैवेद्य दाखवायचा, मग जेवायचं. चंद्र उगवला असं पंचांगात छापून चालत नाही, तो डोळ्यांना दिसावा लागतो. तिच्या माहेरी एक मावशी श्रावणातल्या ढगांमुळे दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत उपाशी राहिली होती, ही गोष्ट त्या घरात अजून अभिमानानं सांगतात. पद्माला रक्तातल्या साखरेचा त्रास आहे. मागच्या संकष्टीला चंद्राची वाट बघता बघता ती गच्चीवरच चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "पुढची एक करू दे, पण लांबवू नका. वेळेवर पोटात अन्न गेलंच पाहिजे." तिला आत जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता अबोली हातात आली की संपलंच की."

व्हिसा शेवटी मंजूर झाला, पण शिक्का मारलेला पासपोर्ट हातात यायला गुरुवार उजाडणार होता. अबोलीचा पहिला वाढदिवस सोमवारी होता. जावयाला विमानतळावर यायला शनिवारीच सुटी. मी इंजिनिअर माणूस. तिन्ही गोष्टी जुळवून शनिवार सकाळचं युरोपमार्गे तिकीट नक्की केलं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं घरी आलो. पद्मा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. त्या शनिवारच्या चौकोनात बारीकसा गणपती बसलेला होता.

"संकष्टी आहे," ती म्हणाली. "चंद्र कधी उगवेल?"

"कुठला?"

"म्हणजे? किती आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. मी कागद घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत माझ्या पाठीला घाम फुटला. विमान सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जाणार, म्हणजे दिवस संपणारच नाही. शनिवारी सकाळी निघून शनिवारी संध्याकाळी आम्ही तिकडे उतरणार, आणि चंद्र उगवेल तिथल्या रात्री साडेनऊला. त्या वेळी सांगलीत रविवारचे सकाळचे दहा वाजलेले असतील आणि लोक पोहे खाऊन दुसरा चहा घेत असतील. एका उपासाचे जवळजवळ दोन होत होते, तेही आकाशात, दुधावर.

साताऱ्याला पद्माचे थोरले बंधू असतात, त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा पंचांगाचा अभ्यास आहे. म्हणजे त्यांच्याकडे पंचांगं पुष्कळ आहेत. त्यांना फोन केला.

"मधुकरराव, चंद्रोदय स्थानिक धरायचा," दादा म्हणाले.

"विमानात स्थानिक म्हणजे कुठलं, दादा? ते दर तासाला नऊशे किलोमीटर पुढे जातं."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "जिथे असाल तिथला. शास्त्र अगदी स्पष्ट आहे. विमान उत्तर ध्रुवावरून जात नाही ना? तिथलं मला बघावं लागेल."

शेजारच्या बंगल्यात बाळासो राहतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे वडूजचे. आमच्या कुंपणाला टेकून ते माझ्या सगळ्या अडचणी ऐकतात आणि जाताना कढीपत्ता तोडून नेतात.

"आवं साहेब, ह्यात काय अवघाड हाय?" ते म्हणाले. "हातातलं घड्याळ बदलूच नका. सांगलीत चंद्र उगवला की वैनींनी जेवायचं. म्या लडाखला हुतो तवा आमची मंडळी वडूजला पूजा करायची आन् त्याच टायमाला म्या तिकडं बर्फात हात जोडायचो. देवाला कळतंय की सगळं."

हा तोडगा मी पद्मापुढे ठेवला. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोला चंद्र दिसत होता. मला दिसेल का?"

मग मी नारळ घेतला. पृथ्वीचा गोल घरात नव्हता आणि भोपळा चपटा असतो. नारळावर खडूनं मुंबई, सिंगापूर, कॅलिफोर्निया अशा खुणा केल्या, शिवणाचा दोरा ताणून अंतरं मोजली आणि टेबललॅम्पचा चंद्र केला. आणि तेव्हा मला जे सुचलं, त्याचं श्रेय आजतागायत मला कोणी दिलेलं नाही. पश्चिमेला गेलं तर चंद्र उशिरा उगवतो. तर मग पूर्वेला जावं! मुंबईहून शुक्रवारी रात्री सिंगापूर, शनिवारी सकाळी सिंगापूरहून निघून प्रशांत महासागरावरून थेट कॅलिफोर्निया. चंद्र समोरून येतोय, आपण त्याला सामोरे जातोय. दोरा सांगत होता की जपानच्या पुढे गेल्यावर कुठेतरी महासागरावर चंद्र उगवेल, आणि तेव्हा सांगलीत जेमतेम दुपारच्या चहाची वेळ झालेली असेल. उपास निम्मा!

तिकिटांच्या कचेरीत राजस नावाचा मुलगा बसतो. त्याला मी विमान बदलायला सांगितलं.

"काका, इकडून साडेतेरा हजार किलोमीटर आहे. तुम्ही म्हणता तसं गेलं तर साडेसतराच्या पुढे जातंय."

"जाऊ दे."

"वेळही जास्त लागेल."

"माणसाला लागेल. उपासाला कमी लागेल."

राजसनं तिकीट बदलून दिलं. त्या मुलाला धंदा कळतो. मग खिडकीचा प्रश्न आला. पूर्वेला जाताना चंद्र उगवणार बरोबर समोर, म्हणजे तो दिसणार वैमानिकाला. हे लक्षात आल्यावर माझी एक रात्र खराब गेली. पण दोरा पुन्हा ताणून पाहिला तेव्हा कळलं की विमान आधी ईशान्येला वळतं, म्हणजे चंद्र उजव्या हाताला येतो. उजवीकडच्या दोन जागा घेऊन घरी आलो, तर पद्मा स्वयंपाकघरात मोदकाचं सारण करत होती. माझा नारळ तिनं फोडला होता. कॅलिफोर्नियासकट प्रशांत महासागर खवून झाला होता.

"हिशेब होता तो माझा!"

"झाला ना पण? आणि खडू कुठून लावलात त्याला? किती घासावं लागलं."

ओल्या नारळाचे तळलेले मोदक डब्यात भरून आम्ही मुंबईला पोचलो. सामान तपासणाऱ्या जवानानं डबा यंत्रातून काढून बाजूला ठेवला. "इसमें क्या है?" मी पुढे झालो. माझं हिंदी सरकारी आहे. "इसमें खोबरा है," मी म्हणालो. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून ते विमानात बरोबर नेऊ देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. दोन जवानांचे चार झाले, मला बूट काढायला लावले, पट्टा काढायला लावला. मी एका हातानं पँट धरून उभा असताना पद्मानं डबा उघडला आणि म्हणाली, "गणपती का मोदक है. गीला नारियल." ते चौघे हसले, एकानं तर डब्याला हात जोडले. मला मात्र पुन्हा यंत्रातून जायला लावलं.

सिंगापूरहून विमान सुटलं. जेवण आलं. पद्मा संकष्टीच्या दिवशी मला उपाशी ठेवत नाही, पण तिच्या शेजारी बसून पनीर चघळणं हेही एक प्रकारचं व्रत आहे. ती दुधाचा पेला हातात धरून खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर विमानाचा पंख होता. उजव्या बाजूचं गणित बरोबर आलं होतं, पण जागेच्या पुढे-मागे पंख कुठे येतो हे दोऱ्यात दिसलेलं नव्हतं. त्यातून काही तासांनी हवाईसुंदरीनं सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या आणि दिवे मालवले. लोक झोपले. माझ्या हिशेबानं चंद्रोदय तोंडावर आला होता आणि आम्ही एका बंद डब्यात बसलो होतो.

मी खिडकी हळूच चार बोटं उचलली. पलीकडच्या गोऱ्या माणसानं डोळ्यांवरची पट्टी काढून माझ्याकडे असं पाहिलं की मी ती पुन्हा खाली केली. पद्माचा हात हातात घेतला तर गार लागला.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. तुम्ही सारखं विचारू नका." म्हणजे वाटत नव्हतं.

मग मात्र मी उठलो आणि मागे जाऊन हवाईसुंदरीला म्हणालो की माझ्या बायकोला चंद्र बघायचाय. ती म्हणाली, "सर, औषध वगैरे काही हवंय का?" मी म्हणालो, "तेच औषध आहे." ती मुलगी भली होती. तिनं पद्माला हाताला धरून विमानाच्या मागच्या दाराशी नेलं. तिथे एक बशीएवढी काच आहे. पद्मानं तिला नाक लावलं. मी तिच्या खांद्यावरून डोकावत होतो आणि मनातून पाण्याच्या पहिल्या लोंढ्याची वाट बघत टेलला उभ्या असलेल्या शेतकऱ्यासारखा झालो होतो. आणि खाली, काळ्या ढगांच्या कडेवर, तांबूस चंद्र आला. अगदी वेळेवर! माझ्या आयुष्यात मी सांगितलेल्या वेळेला आलेली ही पहिली गोष्ट.

पद्मानं कागदी पेल्यात पाणी घेऊन दुसऱ्या कागदी पेल्यात अर्घ्य दिलं, डबा उघडून नैवेद्य दाखवला आणि मोदक खाल्ला. एक त्या मुलीला दिला, एक मला. मी घड्याळ बघून सांगितलं, "सांगलीत दुपारचे साडेतीनसुद्धा वाजले नसतील." ती हसली आणि माझ्या दंडाला धरून जागेवर आली. मला वाटतं, त्या घटकेला पृथ्वीवर आणि पृथ्वीच्या वर माझ्याइतका समाधानी उपअभियंता दुसरा नव्हता.

ते समाधान तासभर टिकलं. समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान एका उभ्या रेषेवरून गेलं. मी माहिती म्हणून सांगितलं, "आता आपण तारीख बदलते त्या रेषेच्या पलीकडे आलो."

"म्हणजे आता रविवार?"

"नाही. उलट. शुक्रवार."

"मग उतरू तेव्हा?"

"शनिवार सकाळ."

पद्मानं बोटांवर वार मोजले. ती बोटं मला अजून आठवतात. "म्हणजे शनिवार परत येणार? आणि रात्री चंद्र परत उगवणार? आणि चतुर्थी?"

चतुर्थीचं मी बघितलंच नव्हतं. माझा हिशेब चंद्रापर्यंतच होता.

भार्गवीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर, तिथल्या देवळानं छापलेलं कॅलेंडर होतं. शनिवारच्या चौकोनात बारीकसा गणपती बसलेला होता. पण त्याच्या आधी विमानतळावर जे झालं, त्यापुढे हे काहीच नाही. भार्गवी आणि जावई न्यायला आले होते, जावयाच्या कडेवर अबोली होती. पद्मानं पिशव्या माझ्या अंगावर टाकल्या आणि दोन्ही हात पसरले. अबोलीनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. इतके महिने तिची आजी हाताच्या पंजाएवढी आणि चपटी होती. ही साडी नेसलेली, पूर्ण उंचीची, जवळ येणारी आजी बघून तिनं असा टाहो फोडला की दोन पोलीस वळून बघायला लागले. बापाच्या मानेत तिनं तोंड खुपसलं ते गाडीत बसेपर्यंत काढलं नाही.

"आई, ती सगळ्यांनाच रडते," भार्गवी म्हणाली.

"हो, चालायचंच," पद्मा म्हणाली, आणि गाडीत सगळ्या वाटेनं अमेरिकेतल्या झाडांचं कौतुक करत राहिली. मी तिला ओळखतो. तिला झाडांचं काहीही पडलेलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं फ्रिजवरचं कॅलेंडर वाचलं आणि दुधाचा पेला मागितला. मी हादरलोच. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, विज्ञानाचं नाव घेतलं, शेवटी ओरडलो. "एका संकष्टीचे दोन उपास कोण करतं?"

"नवस हातात येईपर्यंतचा आहे," ती म्हणाली. "आली का हातात?"

दादांना फोन लावला. त्यांनी पानं उलटली आणि गंभीर आवाजात म्हणाले की तिथी तिथेही आहे आणि चंद्रोदयही आहे, तेव्हा उपास प्राप्त आहे. "पूर्वेकडून जायला कोणी सांगितलं होतं मधुकरराव?" मी फोन ठेवला. बाळासोंचा आपणहून फोन आला. "काय म्हंता साहेब, कसं काय बसलं गणित?" मी सगळं सांगितलं. पलीकडे एवढा मोठा खोकला आला की ते हसत होते हे मी धरूनच चाललो. "लय लांब गेला हो, दोन येळा उपास करायला!" हेच वाक्य पुढे कॉलनीत पसरलं.

त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा घाबरलो. पद्मा कोचावर भिंतीला डोकं टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. चंद्राला अजून सहा तास होते. अबोली टेबलाचा पाय धरून उभी होती आणि आजीवर पाळत ठेवून होती. पद्मानं तिला एकदाही हाक मारली नाही, हात पुढे केले नाहीत. नुसती बघत बसली. मी साखरेची पुडी खिशात घेऊन दारात उभा होतो, वेळ आलीच तर तिच्याशी भांडून तोंडात घालायची म्हणून.

अबोलीच्या हातात बिस्कीट होतं. ते चोखून चोखून त्याचा लगदा झाला होता. तिनं टेबल सोडलं, कोच धरला आणि कडेकडेनं सरकत पद्माच्या गुडघ्यापाशी आली. साडीचा काठ मुठीत धरून बघितला. मग वर पाहिलं आणि तो ओला लगदा पद्माच्या ओठांवर दाबला.

पद्मानं तोंड उघडलं आणि खाल्लं.

"अगं, चंद्र!" मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं. गेले पंधरा दिवस मी दुसरा विचारच केला नव्हता. त्यासाठी मी चार हजार किलोमीटर जास्त आलो होतो!

"गप्प बसा हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हनुवटीला बिस्कीट लागलं होतं. "जे मागितलं होतं ते हातात खाऊ घेऊन समोर उभं आहे, त्याला नाही म्हणू?" तिनं अबोलीला उचललं. अबोली रडली नाही. आजीचं मंगळसूत्र तोंडात घालून ती उद्योगाला लागली. भार्गवी पळत जाऊन भात टाकायला लागली आणि मी खिशातली पुडी फोडून चहात घातली, स्वतःच्या.

रात्री दादांचा फोन आला. साताऱ्यात रविवारची सकाळ होती आणि ते आंघोळ करून पंचांग पुढे घेऊन बसलेले होते. नोंद करून ठेवायची त्यांना सवय आहे. मी फोन पद्माकडे दिला.

"झालं का गं उद्यापन? चंद्रोदय किती वाजता झाला तिथे?"

"दुपारीच झाला, दादा."

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. "दुपारी? असं कसं होईल? चतुर्थीचा चंद्र... तू नीट पाहिलास का?"

"नीट पाहिला," मांडीवरच्या अबोलीच्या तोंडात बोट घालून पद्मा म्हणाली. "चार दात आहेत त्याला."